डीकेडब्ल्यू, एमझेड, कोनिग की एनएसआर: विचित्र टू-स्ट्रोक रेसिंग इंजिन शिकायचं तर सुरुवात कुठून करायची

आमचा भाचा कराडला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीला साताऱ्यात आला तो डोक्यात किडा घेऊनच आला, मामा प्रोजेक्टला टू-स्ट्रोक रेसिंग इंजिन घ्यायचंय, पण साधं नको, कायतरी विचित्र पायजे. मोबाईलमध्ये चार इंजिनं काढून ठेवलेली. एक डीकेडब्ल्यूचं, दोन पिस्टनला मिळून एकच हेड असलेलं. दुसरं एमझेडचं १२५, डिस्क व्हॉल्व्हवालं. तिसरं कोनिगचं आडवं चार सिलिंडरचं. आणि चौथी होंडाची १९८४ ची एनएसआर ५००, जिची पेट्रोलची टाकी इंजिनाच्या खाली आणि सायलेन्सर वरून. म्हणाला यातलं कुठलं धरू सांगा. मी म्हटलं आधी फराळ कर, मग बोलू, पण ते बोलणं चार दिवस चाललं आणि त्यातलं बरंचसं इतरांच्याही उपयोगाचं आहे म्हणून लिहितोय.

आधी अट सांगतो म्हणजे घोळ नको. इंजिन पेटवायचं नाहीये, ड्रिल मशीनने फिरणारं, आतलं दिसणारं मॉडेल करायचं, आणि बाहेरून आलेल्या सरांनी व्हायवात काहीही विचारलं तरी उत्तर देता आलं पाहिजे. माझं कोडोलीच्या एमआयडीसीत छोटं लेथचं वर्कशॉप आहे, तिथे जे होईल तेवढंच. आमचे आण्णा इथल्याच महाराष्ट्र स्कूटर्समध्ये होते, जिथे प्रिया स्कूटर बनायची, त्यामुळे टू-स्ट्रोकचा वास आमच्या घरात उदबत्तीसारखा. पण रेसिंग इंजिन म्हणजे स्कूटर नव्हे हे आण्णाच आधी सांगायचे.

आता मुद्दा. टू-स्ट्रोकला कॅम नाही, वरचे व्हॉल्व्ह नाहीत, सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या आणि पिस्टन वरखाली होताना त्या उघडतो-झाकतो, बस. पेट्रोल-हवा आधी पिस्टनच्या खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या डब्यात येते, तिथून दाबली जाऊन बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये जाते आणि वर गेलेल्या ताज्या मालानेच जळका धूर बाहेर ढकलायचा. ऐकायला भारी वाटतं पण हा दोन भोकं असलेला पोहरा आहे. पहिलं भोक खाली, क्रँककेसमध्ये ओढलेला माल पिस्टन खाली येताना कार्बोरेटरमधूनच उलटा बाहेर फेकला जातो. दुसरं भोक वर, सिलिंडरमध्ये पोचलेला ताजा माल धुराबरोबर सायलेन्सरमध्ये निघून जातो. मी भाच्याला एवढंच सांगितलं की कुठलंही विचित्र टू-स्ट्रोक समोर आलं की आधी विचार, हे यातलं कुठलं भोक बुजवतंय? चार इंजिनं चार दिशांची वाटतात, पण या प्रश्नाने लगेच वेगळी होतात. म्हणजे एक सोडून, त्याचं पुढे सांगतो.

तुलनेला घरचं माप पाहिजे म्हणून आरएक्स १०० घेऊ, सगळ्यांना माहितीये. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, म्हणजे इंजिनाच्या एका लिटर क्षमतेला साधारण ११२ हॉर्सपॉवर. तिच्यात खालचं भोक रीडने बुजवलंय. कार्बोरेटरच्या मागे छोटा ठोकळा असतो त्यावर पातळ पाकळ्या, आतून ओढ बसली की उघडतात, उलटा दाब आला की मिटतात. वर्कशॉपमध्ये एक जुना रीड ब्लॉक पडलेला, भाच्याच्या हातात दिला आणि म्हटलं तोंड लावून फुंक. एका बाजूने फुंकलं तर पाकळ्या फुर्र करून थरथरल्या, उलटं करून फुंकलं तर गाल फुगले आणि हवा जाईना. ओठाला ऑईल लागलं ते वेगळं. पण रीड काय चीज आहे ते त्याला दोन सेकंदात कळलं, पुस्तकात तीन पानं असतात त्याला.

चला, एकेक घेऊ.

डीकेडब्ल्यू. हे जर्मनीतल्या चोपाऊ गावचं. दोन सिलिंडर शेजारी-शेजारी, वर जागा एकच, एकच प्लग. माल एका सिलिंडरच्या खिडकीतून आत येतो, वर चढतो, टेकाड ओलांडून दुसऱ्या सिलिंडरमध्ये उतरतो आणि तिथल्या खिडकीतून धूर बाहेर. इंग्रजी यू उलटा धरल्यासारखी वाट. ताज्या मालाला आणि धुराला समोरासमोर भेटायला जागाच कमी. आणि खरी चलाखी रॉडमध्ये आहे, दोन पिस्टन एकाच क्रँकवर असले तरी रॉडची जोडणी अशी की धुराच्या बाजूचा पिस्टन थोडा पुढे पळतो. त्यामुळे धुराची खिडकी आधी उघडते आणि आधीच मिटते, आत यायची खिडकी मात्र अजून थोडी उघडी. साध्या टू-स्ट्रोकमध्ये बरोबर याच्या उलट असतं, आत यायचं दार आधी बंद होतं आणि बाहेरचं उघडंच राहतं, म्हणून तुम्ही कितीही दाबून माल भरला तरी तो मागच्या दाराने जातो. डीकेडब्ल्यूला ती अडचण नाही. मग त्यांनी वेगळा मोठा पिस्टन लावला, फक्त माल दाबून भरायला, पंपच तो. याच जातीच्या २५० वर एवाल्ट क्लुगेने १९३८ ला आयल ऑफ मॅन बेटावरची लाइटवेट टीटी ही मोटरसायकल रेस जिंकली, टीटी जिंकणारा पहिला जर्मन. आवाज कानठळ्या बसवणारा आणि पेट्रोल पिण्यात म्हशीला मागे टाकेल असं.

हे इंजिन दुसरं भोक बुजवतं, आणि मला विचाराल तर चारांत सगळ्यात हुशार हेच. पण १९४६ ला मोटरसायकल रेसिंगमध्ये सुपरचार्जरवर, म्हणजे माल दाबून भरणाऱ्या पंपावर, बंदी आली आणि पंप गेला.

बंदी आली म्हणजे दाबून भरणं गेलं. आता पंपाशिवाय वरचं भोक बुजवायचं कशाने? इथून एमझेड सुरू होतं, आणि गंमत म्हणजे तेही त्याच चोपाऊचं. युद्धानंतर ते गाव पूर्व जर्मनीत गेलं, कारखान्याचं नाव बदलत बदलत एमझेड झालं. वॉल्टर काडेन नावाच्या इंजिनियरने १९५३ ला तिथलं रेसिंग खातं हातात घेतलं, हा माणूस युद्धात पेनेम्युंडेला रॉकेटच्या कामावर होता. पैसा नाही, चांगलं स्टील नाही, पंपाला परवानगी नाही. त्याने पंपाचं काम सायलेन्सरकडून करून घेतलं. पोट फुगलेला जो एक्स्पान्शन चेंबर आपल्याकडे पोरं लावतात आणि पोलिसांकडून पावती फाडून घेतात, तो. तशी नळी आधी कुणी लावलीच नव्हती असं नाही, पण काडेनने आतल्या लाटा ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर बघून बघून तिचं शास्त्र केलं.

हे नीट समजून घ्या कारण व्हायवात हमखास येणार. धुराची खिडकी उघडली की दाबाची एक लाट पाइपातून पळते. पाइप रुंद होत गेला तर मागे ओढ येते आणि ती सिलिंडर रिकामा करायला मदत करते, इतकी की ताजा माल थोडा पाइपातही येतो. मग शेवटी पाइप परत निमुळता होतो, तिथे लाट आपटून दाब घेऊन उलटी येते आणि बाहेर पडलेला माल खिडकी मिटायच्या आत परत सिलिंडरमध्ये कोंबते. एकही हलणारा पार्ट नाही. हिशोब करून बघा. १०,००० आरपीएमला एक फेरा ६ मिलिसेकंदांचा. धुराची खिडकी समजा १९० अंश उघडी, म्हणजे ३.२ मिलिसेकंद. तापलेल्या धुरात लाट सेकंदाला साधारण ५०० मीटर पळते, म्हणजे तेवढ्यात १.६ मीटर, आणि जाऊन यायचंय म्हणून पाइपाची लांबी त्याच्या निम्मी, ८० सेंटिमीटर. आता हेच ६,००० आरपीएमला करा, लांबी १.३ मीटर येते. म्हणजे ८० सेंटिमीटरवाला पाइप ६,००० ला लाट फार लवकर परत आणतो, ताजा माल यायच्या वेळेलाच दार ढकलतो, गाडी बोंबलते. म्हणून रेसिंग टू-स्ट्रोक एका पट्ट्यातच पळतं, खाली मेलेलं असतं. कासच्या रस्त्याला आरएक्सवर असा पाइप लावून चढावर रडणारी पोरं बघितली की मला हा हिशोब आठवतो.

खालचं भोकही एमझेडने बुजवलं, पण रीडने नाही, चकतीने. क्रँकच्या टोकाला पातळ स्टीलची चकती, तिला एक खाच कापलेली, खाच कार्बोरेटरच्या तोंडासमोर आली की वाट उघडी नाहीतर बंद. डॅनियल झिमरमन नावाच्या एका खाजगी रेसरने आपल्या गाडीला अशी चकती लावली होती, काडेनने ती उचलली. फायदा काय? पिस्टनने उघडणारी खिडकी टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर पोचतो त्या जागेच्या, आधी ७० अंश उघडली तर नंतर ७० अंशांनीच मिटणार, त्याला पर्यायच नाही, पिस्टन जसा वर गेला तसाच खाली येणार. चकतीला ते बंधन नाही. १४० आधी उघडा, ७५ नंतर मिटवा, तुमच्या मर्जीने खाच कापा. आणि रीडसारखी पाकळ्यांची अडगळ हवेच्या वाटेत नाही, भोक उघडं म्हणजे सताड उघडं.

दोन्ही भोकं बुजली तर काय होतं बघा, १९६१ ला एमझेड १२५ नं २५ हॉर्सपॉवर दिली, १०,८०० आरपीएमच्या आसपास. लिटरला २००, सुपरचार्जर नसताना. आरएक्सचे ११२ शेजारी ठेवा आणि लक्षात घ्या की हे आरएक्स यायच्या पंचवीसेक वर्षं आधीचं आहे. त्याच वर्षी त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या रेसनंतर पश्चिमेकडे पळून गेला, सुझुकीला जाऊन मिळाला, आणि १९६२ ला सुझुकीच्या ५० सीसीवर जगज्जेता झाला. विद्याही त्याच्याबरोबर गेली. भाचा म्हणाला मामा हे प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये टाकू का, म्हटलं टाक की, पण एकाच पॅरात.

कोनिग. हे भाच्याचं लाडकं होतं, दिसायला आहेच तसं. बर्लिनची कंपनी, बोटीला मागे लावायची रेसिंग इंजिनं बनवायची, त्यातलंच एक चार सिलिंडर आडवं इंजिन उचलून मोटरसायकलला बसवलं. किम न्यूकम्ब नावाचा न्यूझीलंडचा गडी, स्वतःच इंजिनियर स्वतःच रायडर. १९७३ ला त्याने त्याच्यावर युगोस्लाव्हियाची ग्रांप्री जिंकली, त्याच ऑगस्टमध्ये सिल्व्हरस्टोनला अपघातात गेला, तरी वर्षअखेर ५०० सीसीच्या यादीत फिल रीडच्या मागे दुसरा त्याचंच नाव राहिलं, आगोस्तिनी तिसरा. पुढे याच इंजिनावर रॉल्फ स्टाइनहाउझेनने १९७५ आणि १९७६ ला साइडकारची वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली. म्हणजे नुसतं दिखाऊ नाही.

पण ते असं आडवं का? इथेच मजा आहे आणि बहुतेक लोक इथेच चुकतात, त्यांना वाटतं बोटीसाठी बुटकं पाहिजे होतं म्हणून. ते असेल, पण रेसिंगवाल्याच्या नजरेने बघा. चकतीला क्रँकचं मोकळं टोक लागतं. एका सिलिंडरला टोक आहे. दोन सिलिंडर असतील तर दोन टोकं, दोन चकत्या, भागलं, फक्त कार्बोरेटर दोन्हीकडे कानासारखे बाहेर येतात. चार सिलिंडर एका ओळीत ठेवले तर मधल्या दोघांनी जायचं कुठं? सुझुकीने आरजी ५०० ला चौकोन केला, पुढे दोन मागे दोन, चारही क्रँक वेगळे आणि गिअरने जोडलेले, चौघांना आपापलं टोक, आपापली चकती. बॅरी शीन त्यावरच १९७६ आणि १९७७ ला चॅम्पियन. आणि कोनिगने काय केलं, टोकाचा नादच सोडला. सिलिंडर समोरासमोर झोपवले आणि वर क्रँककेसच्या टाळक्यावर एकच चकती आडवी ठेवली, दातेरी पट्ट्याने फिरवायची, पट्टा क्रँकवरून निघून काटकोनात वळून वर येतो. चारही सिलिंडरांचा श्वास एका चकतीतून. समोरासमोरचे दोन पिस्टन एकदम बाहेर जातात एकदम आत येतात, त्यामुळे मधली पोकळी दोघांना मिळून एक चालते. लय देखणं डोकं लावलंय.

मग घ्यायचं का? नाही. पहिलं कारण पट्टा. त्याला पिळून काटकोनात वळवायचा म्हणजे पुल्यांची मांडणी अचूक पाहिजे, एक दात सरकला की चारही सिलिंडरांचं टायमिंग गेलं. दुसरं, चार सिलिंडर, क्रँक, केस हे सगळं करायला आमच्या लेथवर पोराचा सेमिस्टर संपेल. आणि तिसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कोनिगमध्ये नवीन गोष्ट एकच आहे, चकती कुठे ठेवली. चकती का लागते हे ज्याला आधी कळलेलं नाही त्याला कोनिग म्हणजे नुसता तमाशा. कागदावर अभ्यासायला मात्र जरूर घ्या, नुसतं वाचूनच समजायचं असेल आणि काही बनवायचं नसेल तर मी कोनिग वरती ठेवीन.

एनएसआर फार वेळ खात नाही. व्ही-फोर, क्रँक एकच, तेव्हाच्या दुसऱ्या चार सिलिंडरवाल्यांकडे एकापेक्षा जास्त असायचे, ते हलकं आणि चांगलंच होतं. पण विचित्रपणा जो आहे, टाकी खाली पाइप वर, तो वजन खाली आणायला केलेला, म्हणजे चासीचा विषय, आपल्या दोन भोकांशी संबंध नाही. शिवाय जमलं नाही, पेट्रोल कमी होत गेलं की गाडीचं वागणं बदलायचं, तापलेले पाइप रायडरच्या छातीखाली, १९८५ ला टाकी परत वर गेली आणि होंडाच्या फ्रेडी स्पेन्सरने त्या वर्षी ५०० आणि २५० दोन्ही चॅम्पियनशिप मारल्या. भाच्याला म्हटलं हे घेतलंस तर सर इंजिनाचं विचारतील आणि तू टाकीचं सांगत बसशील.

राहिले दोन, डीकेडब्ल्यू आणि एमझेड. समोरासमोर ठेवले तर असं आहे. डीकेडब्ल्यूचं यंत्र समजायला सोपं कारण सगळं पार्टमध्ये दिसतं, पिस्टन पुढे पळताना डोळ्याने बघता येतं, पुठ्ठ्याचं मॉडेल केलं टाचण्या लावून तरी कळतं. एमझेडचं अर्धं काम पाइपातल्या लाटेत आहे आणि लाट दिसत नाही. पण बनवायला डीकेडब्ल्यू महाग, दोन बोअर जवळजवळ, वेड्यावाकड्या रॉडची जोडणी, त्यात पंपाचा पिस्टन. एमझेडला एक सिलिंडर आणि एक चकती, पाइपाचा हिशोब वहीत. बिघडलं तर डीकेडब्ल्यूमध्ये रॉडच परत करायचा, एमझेडमध्ये पत्र्याची दुसरी चकती कापायची, वीस मिनिटं. आणि त्यातून पुढे जायला वाट आहे, एमझेड समजलं की आरजी, कोनिग आपोआप समजतात, पाकळ्यांचा रीड का जिंकला तेही समजतं, कारण रीडला क्रँकचं टोक लागत नाही, कुठेही बसवा. होंडाची तीन सिलिंडरची एनएस ५०० रीडवालीच होती, १९८३ ला चॅम्पियन. डीकेडब्ल्यू समजलं की डीकेडब्ल्यूच समजतं. माझं मत एमझेड. ज्याच्याकडे मशीनच नाही, नुसता पुठ्ठा आणि हौस आहे त्याने बिनधास्त डीकेडब्ल्यू करावं.

आणि साताऱ्यातल्या माणसाला एक सोय आहे जी बाकीच्यांच्या लक्षात येत नाही. व्हेस्पा घराण्यातल्या स्कूटरच्या इंजिनात क्रँकची पाळीच, म्हणजे क्रँकच्या बाजूचा जाड गोल भाग, चकतीचं काम करते. पाळीचा एक भाग कापलेला, तो कार्बोरेटरच्या भोकाखालून गेला की वाट उघडी. गरिबाची चकतीच म्हणा. आण्णांची जुनी स्कूटर परसात पडून होती, तिचं इंजिन उघडून भाच्याला दाखवलं, पाळी आणि क्रँककेस यात केसाएवढीच फट. माझ्या हातून एकदा अशाच इंजिनात कार्बोरेटर काढताना एक वॉशर आत पडला होता, मी किक मारली, करकर आवाज आला आणि केसच्या त्या गुळगुळीत जागेवर नखाएवढा ओरखडा उठला. त्या दिवसापासून स्कूटर खालच्या आरपीएमला थुंकायला लागली, सकाळी स्टार्ट व्हायला दहा किका. तेव्हा आण्णा जे बोलले ते इथे लिहित नाही, पण खालचं भोक म्हणजे काय ते मला त्या ओरखड्याने शिकवलं.

तर भाच्याने एमझेड पद्धतीचं धरलं. भंगारातून एक सिलिंडर-पिस्टन, क्रँककेसच्या एका बाजूला जाड ॲक्रिलिकची प्लेट, क्रँकच्या टोकाला शाळेतले दोन कोनमापक चिकटवून अंशांची तबकडी. अर्धा मिलिमीटर पत्र्याची चकती, १४० आणि ७५ च्या खुणा करून त्याने स्वतः कापली, कडा पॉलिश पेपरने घासल्या. कार्बोरेटरच्या जागी नुसती नळी आणि नळीच्या तोंडाशी टिश्यू पेपरची पट्टी. ड्रिल लावलं आणि पट्टी आत ओढली जायच्या ऐवजी फडफडत बाहेरच यायला लागली. पोरगं घाबरलं, मामा सगळं चुकलं. मी तबकडी बघितली, खाच टीडीसीच्या आधी ७५ ला उघडत होती आणि नंतर १४० पर्यंत उघडीच. कापलेलं अगदी बरोबर होतं, चकती उलटी बसवलेली. काढून पलटली, परत ड्रिल, पट्टी गपकन नळीत गेली आणि तिथेच थरथरत राहिली. आता त्याने मार्करने चकतीवर बाण काढलाय आणि खाली लिहिलंय, ही बाजू बाहेर.